जनावर व्यालंय

मागची वाट बंद झाल्याची बातमी जावईबापूंनी आणली. स्कूटर लावून, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता त्यांनी ती दारातूनच दिली.

"मागे कुत्री व्यालीय म्हणे. महिनाभर तिकडून कोणी जाऊ नका, असं तो घुम्या सांगत होता."

"कोण घुम्या?" माझ्या मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"अगं, तो फ्रेमवाला. कडेच्या घरातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने, आणि तेही वाट बंद करायला."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माझ्या दृष्टीने ही बातमी त्यातल्या सगळ्या बातम्यांपेक्षा मोठी होती.

आमच्या घरांची रांग आणि मागचा कोरडा ओढा यांच्यामधून एक पायवाट जाते. एका अंगाला घरांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या अंगाला गवताचा उतार. ती थेट वाचनालयाच्या फाटकाशी निघते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलीकडे राहायला आलो, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी नातीला घेऊन त्या वाटेने वाचनालयात जातो. पुढच्या रस्त्याने जायची मला मुलीने बंदी केली आहे. तिथे ट्रक धावतात, आणि माझ्या उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. तेव्हा मागची वाट बंद म्हणजे आमचं फिरणं बंद. जावई कितीही चांगला असला तरी घर जावयाचंच असतं. तिथे म्हाताऱ्याला आपली अशी एखादी वाट लागते. माझी ती होती.

नातीला घरात शंकू म्हणतात. भूमितीतला शंकू नव्हे. उठता-बसता "मला एक शंका आहे" म्हणते, म्हणून शंकू. आताही ती आलीच.

"बाबा, मला एक शंका आहे. पिल्लांचे डोळे उघडलेत का?"

"पिल्लं असतील तर उघडतील ना!" जावई म्हणाले.

जावई विमा कंपनीत दावे तपासतात. गाडी जळाली म्हणून कोणी रडत आलं, तर काडी कोणी लावली हे आधी विचारायचं, ही त्यांची नोकरी. कार्यालयातून परतताना ते डबा आणि संशय दोन्ही घरी घेऊन यायचे. रिकामा असायचा तो फक्त डबा.

"नाना, तुम्हीच सांगा," ते मला म्हणाले. "कुत्री व्याली तर भुंकायला नको? पिल्लांची कुंईकुंई नको? आपली खिडकी मागेच उघडते. तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग? वाट गिळायचा डाव आहे हा. आज म्हणणार कुत्री आहे, उद्या घालणार कुंपण, परवा भिंत."

खरं सांगायचं तर फ्रेमवाल्यावर संशय घेणं फार सोपं होतं. उंच, वाकलेला, कानावर पेन्सिल, नखांत वाळलेला सरस. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर, आणि घरामागे पायवाटेला लागून जुन्या चौकटी, फळ्या आणि पेट्यांचा कमरेइतका ढीग. माझ्या निरोप समारंभाचा फोटो मी त्याच्याकडे चौकटीत बसवायला दिला होता. त्या सगळ्या व्यवहारात तो दोनच शब्द बोलला. पहिल्यांदा गेलो तेव्हा "शनिवारी", आणि शनिवारी गेलो तेव्हा "सोमवारी".

दुसऱ्या दिवशी त्याने ढिगातल्या दोन लांब फळ्या काढून वाटेवर आडव्या टाकल्या आणि त्यांवर काटेरी फांद्या रचल्या. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि आमच्या दारात येऊन सांगितलं.

"टेप टाकून मोजत होता हो! या डोळ्यांनी पाहिलं मी. आणि नंतर काठी आपटत येरझारा. काठी आपटत होता की खुंटी ठोकत होता, देव जाणे."

"मोजत होता?" जावयांचे डोळे चमकले. "बघा नाना!"

"फ्रेमवाला आहे तो," माझी मुलगी म्हणाली. "त्याच्या हातात टेप नसेल तर काय वीणा असेल? फळी किती लांब लागेल ते मोजत असेल."

"तू गप. तुला माणसं कळत नाहीत."

"हो ना. म्हणून तर तुमच्याशी लग्न केलं."

काकू हसल्या, पण जाताना फ्रेमवाल्याच्या घराकडे एक तिरपी नजर टाकून गेल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या रांगेत बातमी झाली: कुत्रीचं नाव, वाटेवर डोळा. त्या संध्याकाळी जावयांनी गच्चीवर जाऊन त्या ढिगाचे आणि आडव्या फळ्यांचे मोबाइलवर फोटो काढले. "पुरावा," ते म्हणाले.

मीही त्यांच्यासोबत उभा होतो. खाली फ्रेमवाला काठी जमिनीवर आपटत सावकाश चालत होता. चालताना समोर बघत नव्हता, पायाशी बघत होता. मध्येच थांबून त्याने फळीखाली डोकावलं. मग मान वर केली. आम्ही दोघं त्याला दिसलो. तो लगबगीने आत गेला आणि मागचं दार लावून घेतलं.

"चोराच्या मनात चांदणं," जावई म्हणाले.

दार लावून घ्यायची ती घाई मलाही आवडली नव्हती.

घरातल्या घरात आमची संध्याकाळ फार लांब झाली. शंकू गच्चीवरून खाली वाकून "यू यू" करत राहायची. मी शाळेतल्या गोष्टी सांगायचो, पण त्या चालताना सांगायच्या गोष्टी होत्या, खुर्चीत बसून त्या जमत नव्हत्या. वाटेवर आमचा एक खेळही असायचा. कोणीही एकाने "पुतळा!" म्हटलं की दुसऱ्याने असेल तसं गोठायचं, "सुटका" म्हणेपर्यंत हलायचं नाही. दिवाणखान्यात तो खेळ करून पाहिला, तर शंकू हातात पाण्याचा पेला घेऊन पुतळा झाली आणि आम्ही दोघांनी ओरडा खाल्ला.

शनिवारी दुपारी मुलगी धुण्याचे कपडे काढत असताना ओरडली, "या फ्रॉकच्या खिशाला मुंग्या कशा?"

खिशात बिस्किटं होती. चुरा झालेली, रुमालात बांधलेली. शंकूने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली वळवली. इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो आहे मी. ती नजर मला कळते. मी तिला गच्चीवर नेलं.

"बिस्किटं कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही."

"हा कोणासाठीच-नाही दूधपण पितो का?"

ती हसली, आणि मग सगळं सांगून मोकळी झाली. बाबा उद्या रविवारी रांगेतल्या काकांना घेऊन वाटेवरच्या फळ्या काढणार होते. तेव्हा गडबड होणार, पिल्लं घाबरणार, कोणाच्या पायाखालीही येणार. म्हणून त्याआधी, आई कपडे वाळत घालत असताना, शंकू एकटी मागे जाऊन पिल्लं टोपलीत घालून आणणार होती. टोपली तिने पलंगाखाली ठेवली होती. त्यात माझी मफलर होती.

तिला 'जाऊ नको' म्हणायचं, हे सोपं होतं. पण मुलाला नुसतं 'नको' म्हटलं की ते तुम्हाला सांगणं तेवढं बंद करतं, हे मला ठाऊक होतं. एकटी जाण्यापेक्षा माझा हात धरून गेलेली बरी. आणि लपवायचं कशाला, मलाही त्या फळ्यांपाशी काय आहे ते बघायचंच होतं. जावयांचा संशय, काकूंचा संशय, त्या दोहोंत माझा थोडासा. इतक्या संशयांत बघणारा मात्र एकही नव्हता.

"ऊन उतरलं की दोघं जाऊ," मी म्हणालो. "फळ्यांपर्यंतच. हात सोडायचा नाही. पलीकडे पाऊल टाकायचं नाही."

"आणि टोपली?"

"टोपली इथेच. आधी बघू, मग ठरवू."

पायवाटेवर गवत थोडं वाढलं होतं. चार दिवस पाय पडले नाहीत की वाट लगेच परकी होते. उन्हं तिरपी झाली होती, भिंतींच्या सावल्या उतारापर्यंत पोचल्या होत्या. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. फ्रेमवाल्याचं मागचं दार बंद होतं, पण खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला. माझ्या डोळ्यावर माझाच विश्वास नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

फळ्यांपाशी पोचताच शंकू उकिडवी बसली. एक हात माझ्या हातात, दुसऱ्यात बिस्किट.

"यू यू यू..."

काहीच हललं नाही.

"आजोबा, बाबा म्हणतात तेच खरं असेल का? काका खोटं बोलले?"

"तुला काय वाटतं?"

"मला एक शंका आहे. खोटं बोलायचं असेल तर माणूस जास्त बोलतो ना? ते तर एवढंसंच बोलले."

मी सावध झालो. "तू होतीस तिथे?"

"स्कूटरवर मागे बसले होते की."

मी वर्गात कानगोष्टींचा खेळ घ्यायचो. पहिल्या बाकावर मी कानात सांगायचो, "मामाची गाडी पुलावर अडली." शेवटच्या बाकावरून उत्तर यायचं, "मामीची साडी फुलावर पडली." पोरं हसून लोळायची. मग मी फळ्यावर एकच वाक्य लिहायचो: दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचाच शब्द सांगावा. शंकूला तो खेळ पाठ होता.

"मग काकांचाच शब्द सांग," मी म्हणालो. "बाबांचा नको, तुझा नको."

तिने डोळे मिटले, पाठ वाकवली, आणि त्या घुम्याचा घोगरा आवाज काढला. "'मागच्या वाटेनं जाऊ नका. जनावर व्यालंय. पिल्लं पांगलीत. महिनाभर तरी नको.'"

"जनावर म्हणाले? कुत्री नाही?"

"जनावर. घरी आल्यावर बाबा कुत्री म्हणाले. मला वाटलं, मीच नीट ऐकलं नसेल."

माझ्या आईने उभ्या आयुष्यात साप हा शब्द उच्चारला नाही. "जनावर दिसलं," म्हणायची. "लांबडं गेलं," म्हणायची. नाव घेतलं की ते येतं, असा तिचा हिशेब. आमच्या घरी गाय, बैल, म्हैस ही सगळी गुरं. जनावर एकच.

पण व्यालंय? साप तर अंडी घालतो. माझं मन तिथे क्षणभर अडलं आणि लगेच सुटलं, कारण वर्गातल्या तक्त्यापुढे उभं राहून मी स्वतःच पोरांना सांगत आलो होतो: सगळे नाही घालत. घोणस पिल्लांना जन्म देते, आणि तीही एकदोन नव्हे. जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके. लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात आणि हात लावतात. आणि पांगलीत! कुत्रीची पिल्लं कुठे पांगतात? ती आईला चिकटून असतात.

शंकूने बिस्किटाचा हात फळीखालच्या फटीकडे नेला.

तेव्हाच तो आवाज आला. शिट्टी होण्याआधी कुकरमधून वाफ जोरात फसफसते ना, तसा. पण थांबत नव्हता.

"आजोबा, कोणाचा तरी कुकर..."

"शंकू, पुतळा!"

ती गोठली. लांबवलेला हात तसाच, ओठ अर्धवट उघडे. मी मान वळवून डाव्या डोळ्याने पाहिलं. फळीच्या सावलीत एक जाड वेटोळं होतं, पिंगट, त्यावर गडद ठिपक्यांची साखळी. ते श्वासासरशी फुगत होतं आणि आवाज तिथूनच येत होता. शंकूच्या हातात आणि त्यात एका पावलाचं अंतर असेल नसेल. अलीकडे गवताच्या बुंध्याशी पेन्सिलीएवढं काहीतरी वळवळलं. त्याच्या अंगावरही तीच साखळी होती, नखाएवढी.

"पुतळा सुटलेला नाही," मी शक्य तितक्या वर्गातल्या आवाजात म्हणालो. "फक्त हात मागे येईल. हळू. शाब्बास. बिस्किट पडू दे. आता उभं राहायचं. मागे वळून नाही बघायचं, आपण आलो तीच वाट आहे. एक पाऊल मागे. पायाखाली बघून. अजून एक."

आवाज बराच वेळ आमच्या पाठोपाठ येत राहिला. मग थांबला. आमच्या भिंतीचा कोपरा आल्यावर मी "सुटका" म्हणालो, आणि शंकू माझ्या पोटाला मिठी मारून रडायला लागली.

घरी मुलीने आधी शंकूला छातीशी धरलं, हातपाय तपासले, मग मला फटकारलं, आणि मग पाणी दिलं. जावयांनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

"नाना, पाहिलंत?"

"पाहिलं."

"कोणत्या डोळ्याने?"

मुलगी म्हणाली, "अहो!"

"विचारायला हवं ना. उजेड किती होता? सावलीत ना? पट्टा असेल. जुनी दोरी असेल. साप साप म्हणून भुई धोपटायची सवय असते लोकांना."

"फुसफुसत होतं बाबा," शंकू म्हणाली.

"तू त्यांच्या बाजूची साक्षीदार आहेस. आणि मला सांगा नाना, साप कधी व्यातो? साप अंडी घालतो हे तिसरीतल्या पोराला कळतं. त्या घुम्याने तुम्हाला खिडकीतून पाहिलं असेल आणि काहीतरी फुस्स केलं असेल. थांबा, अजून उजेड आहे. आत्ताच त्या फळ्या उचलून दाखवतो."

ते खरंच उठले. चपलांत पाय सरकवला. उघडे पाय, उघडे हात. फळीखाली काय आहे ते मला माहीत होतं, आणि हा माणूस तिथे हात घालणार होता. ओरडलो असतो तर ते हट्टाने गेले असते. जावयाला ओरडायचं नसतं, हेही होतंच. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"जावईबापू, एकच विचारतो. मग जा."

"विचारा."

"फ्रेमवाला तुम्हाला कुत्री म्हणाला, की जनावर?"

ते थांबले. "जनावर म्हणाला असेल. एकच ते."

"असेल, की म्हणाला?"

"म्हणाला. जनावर म्हणाला. व्यालंय म्हणाला, पिल्लं म्हणाला, म्हणजे कुत्रीच की!"

"म्हणजे कुत्री तुम्ही आणलीत. त्याची नव्हतीच. तुमच्यासमोर कोणी जबाब दिला आणि तुम्ही घरी येईपर्यंत त्यातला शब्द बदललात, तर तुमचे साहेब त्याला काय म्हणतील?"

त्यांच्या कपाळावरची आठी मी ओळखतो. दुसऱ्याच्या कागदात चूक सापडली की ती पडते. ती या वेळी स्वतःच्या कागदासाठी पडली होती.

"जनावर म्हणजे साप?" त्यांनी हळूच विचारलं. "कोण म्हणतं असं?"

"माझी आई म्हणायची. बहुतेक त्याचीही म्हणत असेल."

"मूळ जबाब पुन्हा घ्यावा लागेल," जावई म्हणाले, आणि चपला काढून त्यांनी बूट घातले. मागच्या वाटेने नाही, पुढच्या रस्त्याने आम्ही शंकूला घेऊन फ्रेमवाल्याच्या दुकानात गेलो.

तो काच कापत होता. आम्हाला बघून त्याने हिरकणी खाली ठेवली आणि टेबलाच्या मागे सरकला.

"तुम्ही त्या दिवशी जनावर म्हणालात," जावई म्हणाले. "म्हणजे काय?"

"म्हणजे जनावर."

"चार पायांचं?"

फ्रेमवाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस थट्टा करतोय की खरंच असा आहे, हे त्याला कळत नव्हतं. "पाय कुठून असणार त्याला?"

"मग सरळ साप म्हणायचं ना!"

"नाव घेत नाहीत त्याचं. तिन्हीसांजेला तर नाहीच."

"तुम्ही सांगितलं तेव्हा ऊन होतं," शंकू म्हणाली. "मला एक शंका आहे, काका. तुम्ही नंतरही नाही सांगितलंत. बाबा सगळ्यांना कुत्री कुत्री सांगत होते, ते तुम्ही ऐकलंत ना?"

तो माझ्याकडे बघून बोलू लागला, जणू पोरीला उत्तर देणं जास्त अवघड होतं.

"ऐकलं. पण मास्तर, ढीग माझा. ती आली त्या ढिगापायी. साप म्हटलं असतं तर हे म्हणाले असते, ढीग हलव, दुकान हलव. हे गच्चीवरून फोटो काढत होते. एकदा नाही, दोनदा. कोणाला दाखवायला काढत होते? मला वाटलं, माझ्यावर काहीतरी रचतायत. म्हटलं, महिनाभर वाट बंद ठेवू, काठी आपटू, आपोआप जातील. कुत्री म्हणतायत तर म्हणू देत. कुत्रीपासूनही लोक लांबच राहतात."

"मोठी माणसं राहतात," मी म्हणालो. "लहान मुलं बिस्किटं घेऊन जातात."

मी त्याला फळीपाशी काय झालं ते सांगितलं. फार शब्द नाही वापरले. त्याने कानावरची पेन्सिल काढली, हातात फिरवली, पुन्हा कानावर ठेवली. शंकूच्या हाताकडे तो बघत राहिला.

"मी खिडकीत होतो," तो म्हणाला. "पडद्यामागे. तुम्हाला हाक मारणार होतो. मला वाटलं, यांनी पाठवलंय तुम्हाला, बघायला."

एरवी जावई म्हणाले असते, बघा, कबूल झाला. पण दोन संशयांच्या मधोमध त्यांची मुलगी बसली होती, हे त्यांनाही दिसलं असावं.

रविवारी सकाळी सर्पमित्र बाई आल्या. एरवी त्या दवाखान्यात परिचारिका, सुटीच्या दिवशी हे काम. रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी गच्चीवर पाठवलं. लांब आकड्याने एकेक फळी उचलली. मोठी घोणस नळीतून पिशवीत गेली तेव्हा काकू डोळे मिटून म्हणाल्या, "अगं बाई, आणि मी खुंट्या मोजत होते!" काही पिल्लंही सापडली. एक तर जुन्या चौकटीच्या आतच होतं, काचेमागे, जणू कोणी फोटो लावावा तसं.

"सगळी सापडली का?" जावयांनी वरून विचारलं.

"सापडली तेवढी नेते," बाई म्हणाल्या. "आई पिल्लांना सांभाळत बसत नाही. जन्मली की प्रत्येक आपापल्या वाटेला. विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं. बाकीची कुठे गेली ते सांगून गेलेली नाहीत."

हे उत्तर जावयांना फार लागलं. प्रकरण बंद करता येत नाही, असा दावा त्यांच्या हाती पहिल्यांदाच आला असावा.

ढीग हलवायला फ्रेमवाल्याच्या मदतीला तेच गेले. जाड हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, आणि प्रत्येक फळीआधी काठीने तीनतीनदा खडखड. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते, पण लांब फळीचं एक टोक एकाने धरलं की दुसरं टोक दुसरा धरत होता. जाताना जावयांनी मोबाइल काढला आणि गच्चीवरचे फोटो त्याच्या देखत पुसून टाकले. फ्रेमवाल्याने मान पुढे करून खरंच पुसले का, ते बघून घेतलं.

वाट पुन्हा सुरू झाली, पण माझ्या मुलीच्या अटींवर. बूट हवेत. काठी हवी. उजेडात जायचं, उजेडात परतायचं. आणि काही दिवस तरी नाना एकटे शंकूला नेणार नाहीत, सोबत हे असतील. मी हो म्हणालो. म्हणावंच लागलं. आमची दोघांची वाट तिघांची झाली. त्याचं मला थोडं वाईट वाटलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी चालताना सांगायची एक गोष्ट सुरू केली. थोड्या वेळाने लक्षात आलं की पुढे काठी आपटणारे जावई नीट ऐकू यावं म्हणून हळू आपटतायत.

फ्रेमवाल्याच्या घरामागे आता मोकळी जमीन होती. तो मागच्या दारात उभा होता. आम्हाला बघून त्याने हात वर केला.

"वाट मोकळी आहे," तो म्हणाला. "सकाळीच बघून घेतलं. फक्त पुढे, वाचनालयाच्या फाटकापाशी, एक कुत्री व्यालीय."

जावई जागच्या जागी थांबले. काठी हवेत राहिली. मीही थांबलो.

"काका, मला एक शंका आहे," शंकू म्हणाली. "कुत्री म्हणजे कुत्रीच ना?"

फ्रेमवाल्याने थोडा विचार केला.

"कुत्रीच," तो म्हणाला. "चार पाय, एक शेपूट. भुंकते."

आम्ही तिघांनी कान दिला. लांबून, फाटकाच्या बाजूने, बारीक कुंईकुंई येत होती. शंकूने माझ्याकडे पाहिलं, मी जावयांकडे. त्यांनी मान हलवली. मग ते पुढे झाले, पायाशी बघत, काठी आपटत, आणि आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो.